बर्फाचा हिशेब: विजेशिवाय कॅम्पवर अन्न थंड ठेवायचं तर

कॅम्पिंगला निघताना बर्फ किती घ्यायचा, हे बहुतेक जण अंदाजपंचे ठरवतात. मिळेल तेवढा बर्फ आइसबॉक्समध्ये ओततात, उरलेल्या जागेत खाणंपिणं कोंबतात आणि वर झाकण दाबून बसवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडावं तर गार नाही आणि कोमटही नाही अशा पाण्यात दुधाचं पाकीट तरंगत असतं. मग दोष बॉक्सवर जातो. खरं तर बहुतेक वेळा बॉक्स ठीकच असतो, बर्फ कुठे खर्च झाला हेच कुणी पाहिलेलं नसतं.

बर्फ खिशातल्या मोजक्या पैशांसारखा असतो. ० अंशांचा १ किलो बर्फ वितळून ० अंशांचं पाणी होतं तेव्हा तो ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एवढ्याच उष्णतेत १ लिटर पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे थंडावा साठवलेला असतो तो वितळण्यात. घरच्या फ्रीजरमधून उणे १८ अंशांचा बर्फ काढला, तर वितळायला लागण्याआधी तो किलोमागे आणखी ३८ किलोज्यूल शोषतो. ही साधारण नववा हिस्सा जास्तीची कमाई. म्हणून बाहेरून विकत घेतलेल्या, आधीच पाणी सुटलेल्या बर्फापेक्षा फ्रीजरमध्ये दोन दिवस कडक झालेला बर्फ जास्त टिकतो.

आता खर्चाकडे येऊ. पहिला आणि सगळ्यात मोठा खर्च भिंतींमधून होतो. ४० लिटरचा बॉक्स, भिंतीत ३ सेंटीमीटर पॉलियुरेथेन फोम, बाहेर ३० अंश आणि आत ३ अंश असं धरलं, तर दिवसाला साधारण ४ किलो बर्फ नुसता भिंतींपायी जातो. फोम ५ सेंटीमीटर असेल तर अडीच किलो. त्याच आकाराचा, २ सेंटीमीटर जाडीचा साधा थर्मोकोलचा डबा असेल तर ८ किलोच्या आसपास. आकडे ढोबळ आहेत आणि सावलीतले आहेत, पण खरेदीला पुरेसे आहेत. जाड भिंतीचा बॉक्स महाग का असतो आणि तीन दिवसांच्या कॅम्पला तो का परवडतो, ते यातून दिसतं.

दुसरा खर्च गरम सामानाचा. १० किलो अन्न ३० अंशांवर असताना बॉक्समध्ये भरलं, तर ते ३ अंशांवर आणायलाच पावणेतीन किलोच्या वर बर्फ लागतो. ३० अंशांची १ लिटर पाण्याची बाटली आत टाकली की ३४० ग्रॅम बर्फ गेला. १ किलो वाफाळता रस्सा आत ठेवला तर जवळपास पाऊण ते एक किलो. बॉक्स स्वतः आधी थंड करून ठेवावा असं सगळीकडे सांगतात आणि ते चूक नाही, पण त्यातून वाचतो तो तीन-चारशे ग्रॅम बर्फ. अन्न आधी थंड करण्यातून त्याच्या सात-आठपट वाचतो. एकाच गोष्टीला वेळ मिळणार असेल, तर आदल्या दिवशी सगळं सामान फ्रीजमध्ये गेलंय ना, हे बघा.

तिसरा खर्च झाकण उघडण्याचा, आणि याची भीती नको तेवढी पसरली आहे. बॉक्समधली ४० लिटर हवा पूर्ण बदलली आणि बाहेरच्या दमट हवेतली वाफ आत येऊन थंड भिंतींवर जमली, तरी एका उघडझापीला साधारण १० ग्रॅम बर्फ लागतो. वीस वेळा उघडलं तर २०० ग्रॅम. वाया घालवावा एवढा हा आकडा छोटा नाही, पण एका गरम बाटलीपेक्षा कमीच आहे. मुलांना झाकणावरून दटावायचं आणि त्याच दुपारी दुकानातून आणलेल्या सहा कोमट बाटल्या त्याच बॉक्समध्ये ठेवायच्या, हे उलटं गणित झालं. झाकण अर्धवट राहणं मात्र खरोखर महागात पडतं. फटीतून थंड हवा सतत गळत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेयांसाठी वेगळा बॉक्स ठेवा, असं मी आग्रहाने सांगते ते याचसाठी. पेयांच्या बॉक्समध्ये नवीन गरम बाटल्या येत राहणार, तिथला बर्फ संपला तर कुणी आजारी पडत नाही. अन्नाच्या बॉक्समधला बर्फ मात्र जपावाच लागतो. दुसरा बॉक्स साधा थर्मोकोलचा असला तरी चालतो.

बर्फ कसा असावा

वितळणं पृष्ठभागावरून होतं. त्यामुळे एकाच वजनाची एक लादी आणि खड्यांची पिशवी यांत लादी कितीतरी जास्त टिकते. १८३३ मध्ये बोस्टनहून कोलकात्याला जहाजाने साधारण १८० टन बर्फ निघाला होता. चार महिन्यांच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या त्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक होता. त्या काळच्या बर्फाच्या व्यापारात वेष्टण असायचं ते लाकडाच्या भुशाचं. एवढा बर्फ टिकला तो मुख्यतः ढीग प्रचंड होता म्हणून, कारण आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार कमी होता. आपल्या बॉक्सला हाच नियम छोट्या प्रमाणात लागू होतो.

घरच्या घरी लादी करायची तर चौकोनी प्लास्टिकचे डबे किंवा २ लिटरच्या बाटल्या घ्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून २ लिटरच्या बाटलीत वर किमान २०० मिलिलिटर जागा रिकामी सोडा. नाहीतर बाटली तळाला उकलते आणि ते कळतं कॅम्पवर, पाणी गळायला लागल्यावर. २ लिटरची बाटली आतपर्यंत गोठायला पूर्ण दिवस तरी लागतो. सहा-सात बाटल्या एकदम ठेवल्या तर दोन दिवस धरा आणि बाटल्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. गोठली का ते बघायला बाटली उलटी करून हलवा. आत बुडबुडा सरकताना दिसला किंवा पाण्याचा डुबुक आवाज आला, तर गाभा अजून पाणीच आहे.

बाटलीतल्या बर्फाचा दुसरा फायदा असा की पाणी बाटलीतच राहतं. पाव भिजत नाही, कच्च्या मांसाचं पाणी सगळ्या बॉक्सभर फिरत नाही आणि वितळल्यावर प्यायला स्वच्छ गार पाणी मिळतं. सुटा बर्फ वितळून झालेलं पाणी पिऊ नका आणि त्यात भाज्याही धुऊ नका.

त्या पाण्याचं काय करायचं यावर लोक हिरिरीने वाद घालतात. पाणी काढलं की बर्फ भराभर वितळतो, असं एक मत आहे. हिशेब सांगतो की ० अंशांचं १ लिटर पाणी ४ अंशांपर्यंत तापताना फक्त १७ किलोज्यूल घेतं, म्हणजे ५० ग्रॅम बर्फाएवढं. तेव्हा साठवण म्हणून त्या पाण्याची किंमत थोडी आहे. त्याचा खरा उपयोग स्पर्शाचा आहे. बर्फाच्या खड्यांत ठेवलेली बाटली जागोजागी हवेला टेकलेली असते, बर्फाच्या पाण्यात बुडालेली बाटली सगळीकडून थंड होते आणि कितीतरी लवकर होते. म्हणून पेयांच्या बॉक्समधलं पाणी ठेवा. अन्नाच्या बॉक्समध्ये सुटा बर्फ असेल आणि पाणी डब्यांपर्यंत चढत असेल, तर ते बिनदिक्कत काढा.

बर्फात मीठ टाकायचा सल्लाही वरचेवर ऐकू येतो. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो. १ किलो बर्फाला १०० ग्रॅम मीठ घातलं की मिश्रण उणे ६ अंशांच्या आसपास जाऊ शकतं. पेयं पटकन गार करायला हे उत्तम. पण मिठाने बर्फाची एकूण उष्णता शोषण्याची ताकद वाढत नाही. उलट आत जास्त थंड झाल्याने भिंतींमधून उष्णता अधिक जोरात येते आणि बर्फ लवकर संपतो. शिवाय पालेभाज्या आणि अंडी गोठून खराब होतात. साठवणीच्या बॉक्समध्ये मीठ नको.

भरताना

कच्चं मांस आणि मासे घरीच मॅरिनेट करून, एका जेवणापुरते भाग पाडून, चपट्या पिशव्यांत दोन सेंटीमीटर जाडीचे थर करून कडक गोठवा. ताज्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, त्यामुळे ३ किलो गोठलेलं मांस साधारण २ किलो बर्फाचं काम करतं. त्याला जागा द्यायचीच आहे, मग त्याच जागेत बर्फही मिळाला. प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, कारण पहिल्या पिशवीला बारीक भोक पडतंच.

तळाला बर्फाच्या बाटल्या आडव्या. त्यावर गोठलेलं मांस, शेवटच्या दिवशीचं सगळ्यात खाली. मग दूध, दही, चीज, शिजवलेल्या अन्नाचे घट्ट झाकणाचे डबे. भाज्या आणि पटकन लागणाऱ्या वस्तू वर. आणि सगळ्यात वर पुन्हा दोन चपटे बर्फाचे डबे, हे बरेच जण विसरतात. थंड हवा जड असते, ती खाली बसते, त्यामुळे तळाला १ अंश असताना झाकणाखाली ९ अंश असू शकतात. कच्चं मांस कधीही इतर अन्नाच्या वर ठेवू नका. सांडलं तर खालच्या सगळ्यावर सांडतं.

मधल्या पोकळ्या बर्फाच्या खड्यांच्या बंद पिशव्यांनी भरा. खडे नसतील तर टॉवेल किंवा चुरगळलेला कागद कोंबा. यामुळे हवा फिरत नाही आणि सामान हलून डबे उघडत नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला काय ठेवलंय त्याची यादी चिकटवली तर उकराउकरी वाचते.

बर्फ किती, यावर दोन भाग बर्फ आणि एक भाग अन्न असा नियम सांगितला जातो. पातळ डब्याला किंवा चार-पाच दिवसांना तो ठीक आहे. दोन रात्रींसाठी, म्हणजे साधारण ६० तासांसाठी, वरच्या ४० लिटरच्या ३ सेंटीमीटरवाल्या बॉक्सला भिंतींचे १० किलो, उघडझाप आणि किरकोळ गोष्टींचे १ ते दीड किलो आणि हाताशी थोडी शिल्लक असे १३ किलो धरले, तर पुरतं. ही शिल्लक कमी करू नका. बर्फाचा शेवटचा किलो संपेपर्यंत आतलं तापमान बऱ्यापैकी स्थिर असतं, तो संपला की काही तासांत चढतं.

निघण्याआधी बॉक्सची एक परीक्षा जरूर घ्या. चालू टॉर्च आत ठेवून झाकण बंद करा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि बॉक्सभोवती फिरून बघा. जिथून प्रकाशाची रेघ दिसते, तिथून थंडी जाते. बहुधा ती बिजागरीच्या बाजूला किंवा कोपऱ्यात सापडते, जिथे रबराची पट्टी दबून चपटी झालेली असते किंवा तिच्यात वाळूचे कण बसलेले असतात. पट्टी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा बघा, अर्धी कामं तिथेच होतात. झाकणावर टिचकी मारून पोकळ आवाज आला, तर आत फोमच नाही. मध्यम किमतीच्या पुष्कळ बॉक्समध्ये हीच लबाडी असते. अशा वेळी झोपायच्या फोम मॅटचा तुकडा आतल्या मापाने कापून सामानावर अंथरा.

जागेवर पोचल्यावर

बॉक्स उन्हात ठेवला तर वरचे सगळे आकडे विसरा. गडद रंगाचं झाकण भर उन्हात ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, म्हणजे त्या बाजूने आत शिरणारी उष्णता दुपटीहून जास्त. सावली सरकते. सकाळी झाडाखाली ठेवलेला बॉक्स दुपारी दोनला उन्हात आलेला असतो, म्हणून दुपारची सावली कुठे असेल ते पाहून जागा ठरवा. बंद गाडी ही सगळ्यात वाईट जागा. तापलेल्या जमिनीपासून दोन लाकडांवर किंवा दगडांवर बॉक्स उचलून ठेवा. चकचकीत रिफ्लेक्टिव्ह चादर घालणार असाल तर ती बॉक्सला चिकटवू नका. मध्ये चार बोटं हवेची फट राहील अशी ताणून बांधा.

हवा कोरडी असेल तर ओलं गोणपाट हे सगळ्यात स्वस्त साधन आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते, ७ किलो बर्फ वितळल्याएवढी. सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवलेल्या बॉक्सवर गोणपाट किंवा जाड सुती कापड टाका, चारी बाजूंनी खाली सोडा आणि तास-दोन तासांनी पाणी शिंपडा. झाकणाच्या फटीपाशी कापड दाबलं जाऊ देऊ नका, नाहीतर तेच पाणी आत झिरपतं. मर्यादा हवेतल्या दमटपणाची. ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओलं कापड १९ अंशांपर्यंत उतरू शकतं. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत २७ च्या खाली जात नाही. दमट हवेत हा खटाटोप करू नका.

बर्फ अजिबात नसेल तेव्हा याच तत्त्वावर मडक्यात मडकं ठेवता येतं. बाहेरचं मडकं बिनचकाकीचं, आत दुसरं मडकं, मध्ये दोन-तीन सेंटीमीटर ओली वाळू, वर ओलं कापड, आणि वाळूला दिवसातून दोनदा पाणी. भाज्या, फळं आणि लोणी यांना ते पुरतं. दूध, मांस, मासे आणि शिजवलेलं अन्न यांना नाही, कारण ५ अंशांच्या जवळपासही ते पोचत नाही. ओढ्याचंही तेच. १२ अंशांच्या वाहत्या पाण्यात पेयं छान गार होतात, मांस सुरक्षित राहत नाही. ओढ्यात काही ठेवलंच तर जाळीच्या पिशवीत, दोरीने पक्कं बांधून. वर कुठे पाऊस झाला तर पाणी अचानक चढतं. बाटलीचं तोंड पिण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा.

कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा असतो आणि वजनाला साध्या बर्फाच्या जवळपास दुप्पट थंडावा देतो. पण १ किलोपासून ५०० लिटरहून जास्त वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि तंबूत आपण झोपतो तिथेच. तंबूत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत तो कधीच ठेवू नका. हवाबंद बॉक्समध्ये दाब वाढू नये म्हणून पाणी सोडायचं बूच सैल ठेवा. उघड्या हाताने धरू नका, जाड हातमोजे घाला. कागदात गुंडाळून सामानाच्या वरच्या थरावर ठेवा आणि त्याच्या शेजारचं सगळं दगडासारखं गोठणार हे गृहीत धरा. दोन-तीन दिवसांसाठी एवढा व्याप करावा असं मला वाटत नाही.

काय टाकून द्यायचं

फ्रीजचा छोटा थर्मामीटर बॉक्समध्ये ठेवा, आणि तळाला नको, झाकणाखाली सगळ्यात उबदार जागी. तिथे ५ किंवा त्याहून कमी असेल तर बाकी सगळं ठीक आहे. ५ ते ६० अंशांमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. नाशवंत अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहिलं तर टाकायचं. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. वास घेऊन ठरवू नका, आजारी पाडणारे बरेच जिवाणू वास बदलत नाहीत. पुन्हा उकळून घेतलं की झालं, हेही खरं नाही. शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचं एक विष उकळूनही टिकतं. उरलेला भात कॅम्पवर ठेवूच नये, मोजूनच शिजवावा.

अंड्यांबद्दल एक बारकावा. दुकानात फ्रीजबाहेर ठेवलेली अंडी कॅम्पवरही सावलीत बाहेर चालतात. एकदा फ्रीजमध्ये गेलेली अंडी थंडच राहिली पाहिजेत, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव जमतं आणि कवचातून जिवाणू आत जायला वाट मिळते.

आणि जे थंड ठेवावंच लागत नाही ते थंड ठेवू नका. पहिल्या दिवशी ताजं, दुसऱ्या दिवशी गोठवून नेलेलं, तिसऱ्या दिवशी डाळी, पास्ता, एका जेवणात संपेल एवढा माशाचा डबा. टेट्रापॅकचं दूध न उघडता बाहेर टिकतं, उघडल्यावर मात्र साध्या दुधासारखंच. म्हणून लिटरच्या एका पाकिटाऐवजी पाव लिटरची चार घ्या. कांदे, बटाटे, टोमॅटो, घट्ट चीज यांनी बॉक्समधली जागा अडवू नये.

घरी आल्यावर बॉक्स त्याच दिवशी रिकामा करा. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, रबराची पट्टी बाहेर ओढून तिच्यामागचा चिकटा जुन्या टूथब्रशने काढा, पाणी सोडायचं बूच उघडून आतून ब्रश फिरवा. मग सावलीत पूर्ण कोरडा होऊ द्या आणि ठेवून देताना झाकणाखाली दुमडलेलं फडकं ठेवा, म्हणजे फट राहते आणि बुरशी धरत नाही.